वीज कंपनीने कार्बनकपात आणि हवामान-जोखमीचा आराखडा कसा आखावा: नागपूर परिसरासाठी मार्गदर्शन

कोराडी, खापरखेडा आणि मौदा ही तीन औष्णिक वीज केंद्रे नागपूर जिल्ह्यातच आहेत आणि त्यांची एकत्रित स्थापित क्षमता ५,८०० मेगावॉटहून अधिक आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे, आणि कोळसा, पाणी, राख व उष्णता या चारही गोष्टींचे व्यवहार या शहराच्या परिघातच होतात. त्यामुळे ऊर्जा क्षेत्रातील कंपनीने कार्बन उत्सर्जन कसे कमी करावे आणि बदलत्या हवामानात आपली यंत्रणा कशी तगवावी, हे प्रश्न येथे रोजच्या कामाचे आहेत. वीजनिर्मिती, वितरण, पारेषण किंवा सौर प्रकल्पांत काम करणाऱ्या आणि असा आराखडा तयार करण्याची जबाबदारी अंगावर आलेल्या अभियंत्यांसाठी व अधिकाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

एक गोष्ट प्रथमच स्पष्ट करावीशी वाटते. बहुतेक कंपन्यांमध्ये कार्बनकपातीचा आराखडा वित्त किंवा शाश्वतता विभाग तयार करतो, कारण सेबीच्या नियमांनुसार बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी व शाश्वतता यांचा) अहवाल देणे बंधनकारक आहे. आणि पूर, उष्णतेची लाट किंवा वादळ यांची तयारी मात्र संचालन विभागाच्या आपत्कालीन फाइलमध्ये पडून राहते. हे दोन कागद वेगवेगळ्या खोल्यांत तयार झाले की एकमेकांना छेद देतात. पाणी वाचवण्यासाठी निवडलेला उपाय कोळसा वाढवतो, कोळसा कमी करण्यासाठी आणलेला उपाय पावसात भिजतो, आणि दोन्ही विभागांना याचा पत्ता खर्च झाल्यावर लागतो. म्हणून पहिली बैठक बोलवतानाच केंद्राचे मुख्य अभियंता, इंधन खरेदी, जलव्यवस्थापन, वित्त, मानव संसाधन आणि पर्यावरण कक्ष यांना एकत्र बसवावे आणि आराखड्यावर संचालक मंडळातील एका व्यक्तीची सही राहील, हे ठरवून घ्यावे.

उत्सर्जनाचा पाया नीट मोजणे

कपातीचे लक्ष्य ठरवण्याआधी आज किती उत्सर्जन होते, याचा विश्वासार्ह आकडा हाती हवा. कंपनीच्या स्वतःच्या चिमणीतून, वाहनांतून आणि उपकरणांतून होणारे उत्सर्जन स्कोप १ मध्ये, विकत घेऊन स्वतः वापरलेल्या विजेचे स्कोप २ मध्ये आणि पुरवठा साखळीतील व ग्राहकाकडील उत्सर्जन स्कोप ३ मध्ये धरतात. भारतीय कोळशाच्या प्रतीनुसार आकडा बदलतो, पण ढोबळमानाने एक टन कोळसा जाळला की दीड टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण कोळशातील कार्बनला हवेतील ऑक्सिजन येऊन मिळतो. त्यामुळे कोळशाचे वजन आणि उष्मांक या दोन मोजमापांत गडबड असेल, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. खाणीवर नोंदलेली प्रत, वॅगन उतरवताना घेतलेल्या नमुन्याची प्रत आणि प्रत्यक्ष बॉयलरमध्ये गेलेल्या कोळशाची प्रत या तिन्हींत फरक असतो. कार्बनसाठी तिसरी धरावी.

वितरण कंपनीने येथे विशेष काळजी घ्यावी. ग्राहकांना विकण्यासाठी घेतलेल्या विजेचे उत्सर्जन तिच्या स्कोप ३ मध्ये येते, परंतु वाहिन्यांमध्ये जी वीज गळते तिचे उत्सर्जन स्कोप २ मध्ये मोजावे लागते. म्हणजे गळती कमी करणे हा वितरण कंपनीच्या हातातला सर्वांत थेट कार्बन-उपाय आहे आणि त्यातून पैसाही वाचतो. सर्किट ब्रेकरमधील एसएफ-६ (सल्फर हेक्साफ्लोराइड) या इन्सुलेशनच्या वायूची नोंदही सुटू देऊ नये. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा २३,००० पटींहून अधिक तापमानवाढ घडवतो, म्हणून सिलिंडर भरताना किती वायू लागला याची साधी नोंदवहीसुद्धा मोलाची ठरते.

पायाभूत वर्ष निवडताना टाळेबंदीचे २०२०-२१ हे वर्ष घेऊ नये, कारण त्या वर्षीची मागणी नेहमीची नव्हती. एखादे युनिट (वीजनिर्मिती संच) दुसऱ्या कंपनीला विकल्याने कमी झालेले उत्सर्जन कपात म्हणून दाखवू नये. ते फक्त दुसऱ्याच्या वहीत गेलेले असते. आणि लक्ष्य केवळ प्रति युनिट विजेच्या प्रमाणात न ठेवता एकूण टनांतही लिहावे, कारण प्रति युनिट आकडा घटत असतानाच एकूण उत्सर्जन वाढत राहू शकते. भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत २०७० हे नेट झिरोचे (निव्वळ शून्य उत्सर्जनाचे) वर्ष जाहीर केले आहे. पण आजच्या संचालक मंडळातील कोणीही २०७० मध्ये उत्तर द्यायला नसेल, म्हणून २०३० आणि २०३५ चे टप्पे आकड्यांसह लिहिलेच पाहिजेत.

हवामान-जोखमीची नोंदवही: उंबरठ्याचा आकडा शोधा

जोखमीच्या नोंदवहीत सहसा ‘उष्णतेची लाट: जोखीम मोठी’ असे लिहिलेले आढळते. त्याचा संचालनात काहीही उपयोग होत नाही. त्याऐवजी प्रत्येक मालमत्तेसमोर तिचा उंबरठा लिहावा, म्हणजे किती तापमानाला, किती मिलिमीटर पावसाला, किती वेगाच्या वाऱ्याला किंवा धरणातील किती साठ्याला हे उपकरण अडचणीत येते, आणि ती वेळ आज किती वेळा येते व पुढे किती वेळा येऊ शकते.

रोहित्राचे (ट्रान्सफॉर्मरचे) उदाहरण घेऊ. भारतीय मानकांनुसार रोहित्रे कमाल ५० अंश सेल्सियस सभोवतालचे तापमान गृहीत धरून बनवतात, त्यामुळे नागपूरची दुपार कागदावर त्या मर्यादेत बसते. खरा प्रश्न रात्रीचा आहे. तेलात बुडालेल्या साध्या कागदी इन्सुलेशनचे वय ९८ अंशांच्या पुढे दर ६ अंशांमागे दुप्पट वेगाने झिजते. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत वस्तीतली डीपी (वितरण रोहित्र) पाहावी: दुपारभर पत्रा तापलेला असतो, संध्याकाळी घराघरांत कूलर सुरू होतात, रात्री अकराला भार उतरायला हवा तो उतरत नाही आणि हवाही थंड होत नाही, त्यामुळे तेलाला निवण्यासाठी वेळच मिळत नाही. म्हणून दिवसाच्या कमाल तापमानाबरोबर रात्रीचे किमान तापमान आणि रात्रीचा भार या दोन्हींचा उंबरठा लिहावा. जूनमध्ये पावसाआधी हवेत दमटपणा आला की कूलर निकामी होतो आणि ज्यांना परवडते ते एसी लावतात. मागणीतला हा बदल मे महिन्याच्या आकड्यांवरून कळत नाही.

औष्णिक केंद्राच्या कूलिंग टॉवरची गोष्ट याहून वेगळी आहे आणि ती अनेकदा उलटी समजली जाते. टॉवर किती थंड पाणी देईल हे वेट बल्ब तापमानावर (ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरवर दिसणाऱ्या, हवेतील दमटपणा धरणाऱ्या तापमानावर) ठरते, हवेच्या साध्या तापमानावर नव्हे. मे महिन्यात नागपूरची हवा कोरडी असल्याने ४५ अंशांतही वेट बल्ब तुलनेने खाली असतो. तो वर चढतो जून-जुलैमध्ये, आणि कंडेन्सरचे (वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करणाऱ्या उपकरणाचे) व्हॅक्यूम तेव्हा ढासळते. मे महिन्यात त्रास होतो तो बाष्पीभवनाने जाणाऱ्या पाण्याचा. एकाच यंत्रणेला दोन महिन्यांत दोन वेगळ्या जोखमी आहेत, आणि नोंदवहीत त्या दोन ओळींतच असायला हव्यात.

आकडे घेताना त्यांची शहानिशा करावी. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले आणि बातमी देशभर पसरली. नंतर हवामान विभागाने तपासणी करून संवेदकातील बिघाड असल्याचे स्पष्ट केले. असा एक आकडा डिझाइनच्या फाइलमध्ये शिरला, तर कोट्यवधींची खरेदी चुकीच्या दिशेने होते. सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्राची दीर्घकालीन नोंद, केंद्राच्या आवारातील स्वतःचे मोजमाप आणि महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राचे नकाशे हे तिन्ही पडताळून घ्यावेत. नागपूरचे भाग्य असे की हवामान विभाग, पर्यावरण अभियांत्रिकीची संशोधन संस्था नीरी, अभियांत्रिकी शिक्षणसंस्था व्हीएनआयटी आणि मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था हे सर्व याच शहरात आहेत. बाहेरच्या सल्लागाराचा जाडजूड अहवाल मागवण्यापूर्वी या संस्थांचे दार ठोठवावे.

पुढच्या काळासाठी आयपीसीसीच्या (हवामान बदलावरील आंतरसरकारी समितीच्या) सहाव्या अहवालातील किमान दोन चित्रे घ्यावीत: मध्यम उत्सर्जनाचे एसएसपी २-४.५ आणि तीव्र उत्सर्जनाचे एसएसपी ५-८.५. या प्रारूपांचे आकडे मोठ्या भूभागाची सरासरी सांगतात, त्यामुळे एखाद्या उपकेंद्राच्या अंगणात किती पाणी चढेल हे त्यांतून थेट वाचू नये. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांतच १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. शहरातल्या प्रत्येक उपकेंद्रासाठी पहिला प्रश्न हाच असावा: त्या रात्रीचे पाणी आपल्या केबल ट्रेंचपर्यंत, बॅटरी रूमपर्यंत आणि कंट्रोल पॅनेलपर्यंत किती आले होते, आणि त्याहून फूटभर अधिक आले तर काय बंद पडेल? ही खूण भिंतीवर रंगाने करून ठेवावी.

पाणी, कोळसा आणि राख

विदर्भातल्या औष्णिक केंद्रासाठी पाणी हीच सर्वांत मोठी जोखीम आहे, असे माझे ठाम मत आहे. मराठवाड्यातील परळीचे वीज केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, आणि त्यात कोळशाचा किंवा यंत्राचा काही दोष नव्हता. नागपूर शहर आणि कोराडी-खापरखेड्याची वीजनिर्मिती पेंच नदीच्या पाण्यावर अवलंबून आहे. पेंचच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यापासून पेंचवरील तोतलाडोह धरणात येणारे पाणी घटले आहे. २०१९ च्या जुलैमध्ये तोतलाडोहाचा साठा तळाला गेला आणि शहराला एक दिवसाआड पाणी द्यावे लागले.

यावर नागपूरने देशाला दाखवलेला उपाय म्हणजे भांडेवाडीत प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडी व खापरखेड्याच्या केंद्रांना देणे. आराखड्यात असा उपाय घेताना त्याची मर्यादाही लिहावी. सांडपाणी दुष्काळातही मिळते हे खरे, पण शहराच्या नळालाच पाणी कमी आले की गटारातही कमी येते. म्हणून सांडपाण्याचा करार आणि धरणातील आरक्षण या दोन जोखमी पूर्णपणे सुट्या धरू नयेत. कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांना प्रति मेगावॉट-तास ३.५ घनमीटर पाण्याची मर्यादा आहे. आपले प्रत्येक युनिट त्या मर्यादेच्या किती खाली चालते आणि साठा अर्धा झाला तर कोणते युनिट आधी थांबवायचे, याचा क्रम उन्हाळ्याआधी ठरलेला असावा.

दोन्ही हिशेब एकमेकांना कसे भिडतात, ते येथेच दिसते. पाणी वाचवायचे म्हणून एअर कूल्ड (पाण्याऐवजी हवेने थंड होणारा) कंडेन्सर बसवला, तर पाण्याची गरज मोठ्या प्रमाणात घटते. पण हे उपकरण साध्या हवेच्या तापमानावर चालते, त्यामुळे ४५ अंशांच्या दुपारी, म्हणजे मागणी शिखरावर असताना, युनिटची क्षमता घसरते आणि प्रत्येक युनिट विजेमागे कोळसा अधिक लागतो. हा निर्णय चुकीचा किंवा बरोबर असे सरसकट म्हणता येत नाही. किती पाणी वाचले, किती टन कार्बन वाढला आणि दुष्काळात किती दिवस केंद्र चालू राहिले, हे तिन्ही आकडे एकाच तक्त्यात मांडून मगच निर्णय घ्यावा.

पावसाळ्यात जोखीम कोळशाकडे सरकते. उघड्या खाणींत पाणी साचते, उत्पादन मंदावते, आणि जो कोळसा येतो तो चिखलासारखा असतो. जुलैत कोल हँडलिंग प्लँटवर उभे राहिले की दिसते: ओला कोळसा च्यूटमध्ये (कोळसा खाली सोडणाऱ्या नळकांड्यात) थापून बसतो, कामगार सळईने तो मोकळा करतात, पट्टा थांबतो आणि भट्टीला आधार देण्यासाठी तेल जाळावे लागते. त्या तेलाचा खर्चही वाढतो आणि उत्सर्जनही. कोरड्या कोळशाच्या काही दिवसांच्या साठ्यावर छप्पर घालणे हा त्यामुळे कार्बनचाही उपाय आहे, आणि तो तशा स्वरूपात मांडला तर मंजुरी मिळण्याची शक्यता वाढते.

राखेच्या तलावांबाबत हयगय मुळीच चालणार नाही. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीत नागपूरजवळच्या खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत व नाल्यांत पसरले. बांधाची उंची, सांडव्याची क्षमता आणि पावसाच्या तीव्रतेचे गृहीतक नव्या आकड्यांवर तपासून घ्यावे, आणि खालच्या गावांना इशारा कोण, कोणत्या क्रमांकावरून, किती वेळात देणार हे ग्रामपंचायतीसोबत बसून ठरवावे.

कपातीचे उपाय कोणत्या क्रमाने घ्यावेत

सर्व उपायांची यादी करून प्रत्येकासमोर दोन आकडे लिहावेत: एक टन कार्बन कमी करण्याचा खर्च आणि हवामान-जोखमीवर होणारा परिणाम. पहिला आकडा काढताना कंपनीने स्वतःपुरती कार्बनची एक अंतर्गत किंमत ठरवावी आणि प्रत्येक गुंतवणूक प्रस्तावात ती वापरावी. देशात कार्बन क्रेडिट व्यापार योजना जून २०२३ मध्ये अधिसूचित झाली आहे, आणि युरोपच्या सीमेवरील कार्बन शुल्काचा अंतिम टप्पा १ जानेवारी २०२६ पासून सुरू झाला आहे. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या उद्योगाला आपला माल युरोपात पाठवायचा असेल, तर तो वीज कंपनीला विजेचा कार्बन विचारू लागेल.

गळती कमी करणे, बॉयलर-टर्बाइनची दुरुस्ती वेळेवर करणे, केंद्रातील स्वतःचा वीजवापर घटवणे ही कामे आधी घ्यावीत. यांना नवी परवानगी लागत नाही. त्यानंतर लवचीकता. दुपारी सौर वीज भरपूर आली की कोळशाच्या युनिटला भार उतरवावा लागतो आणि सूर्यास्ताला तो झपाट्याने चढवावा लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनुसार युनिटांना टप्प्याटप्प्याने ४० टक्के किमान भारापर्यंत उतरण्याची तयारी करायची आहे. कमी भारावर युनिटची कार्यक्षमता घटते आणि बॉयलरच्या ट्यूबवर ताण येतो, म्हणून कोणते युनिट लवचीक ठेवायचे आणि कोणते निवृत्त करायचे, हे एकत्र ठरवावे. जुन्या २१० मेगावॉट युनिटमध्ये एक मेगावॉट-तास विजेमागे सुमारे एक टन कार्बन बाहेर पडतो, ६६० मेगावॉटच्या सुपरक्रिटिकल (अधिक दाब व तापमानाच्या वाफेवर चालणाऱ्या) युनिटमध्ये त्याहून कमी. परंतु निवृत्तीचा क्रम ठरवताना कार्बनसोबत पाण्याचा स्रोत, राखेच्या तलावाची स्थिती आणि त्या जागी असलेली पारेषण जोडणी यांनाही गुण द्यावेत. ती जोडणी पुढे सौर किंवा बॅटरीसाठी वापरता येते, आणि नव्या वाहिनीसाठी जमीन मिळवणे किती कठीण असते ते सर्वांना ठाऊक आहे.

कोळशासोबत जैवभार (शेतातला काडीकचरा) जाळण्याचा उपाय विदर्भासाठी मला विशेष महत्त्वाचा वाटतो. केंद्र सरकारच्या २०२३ च्या धोरणाने २०२४-२५ पासून ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के मिश्रणाची अपेक्षा ठेवली होती. कापसाची शेवटची वेचणी झाली की शेतकरी पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) उपटतो, धुऱ्यावर रचतो आणि पेटवून देतो. तीच पऱ्हाटी आणि तुरीच्या तुराट्या पेलेट (दाबून केलेल्या कांड्या) होऊन बॉयलरमध्ये जाऊ शकतात. मात्र शेताजवळ महिनोन्‌महिने पऱ्हाटीचे ढीग ठेवले, तर त्यांत गुलाबी बोंडअळी टिकून राहते आणि पुढच्या हंगामाचे नुकसान करते. त्यामुळे खरेदीचा करार करतानाच कुट्टी यंत्र गावात कधी येणार आणि माल किती दिवसांत उचलणार, हे लिहून द्यावे. पेलेट पाणी शोषून भुसा होतात आणि ढिगात तापून पेटही घेतात. म्हणजे पावसाळी गोदाम आणि अग्निशमन यांचा खर्च त्या उपायाच्या किमतीतच धरावा.

सौर प्रकल्पाचे गणित करताना पॅनेलवर छापलेली क्षमता २५ अंश सेलच्या तापमानाची आहे, हे लक्षात ठेवावे. दर अंशामागे सुमारे ०.३५ टक्के घट धरली, तर मे महिन्यात सेल ७० अंशांवर असताना जवळजवळ १६ टक्के वीज कमी मिळते. विदर्भात गारपीटही होते. पॅनेलची नेहमीची गारचाचणी २५ मिलिमीटरच्या गारेची असते, त्यामुळे निविदेत त्याहून कडक चाचणी मागावी आणि गारपिटीचा इशारा मिळताच पॅनेल उभे करता येतील असे ट्रॅकर (पॅनेल सूर्याच्या दिशेने फिरवणारी यंत्रणा) असल्यास त्यांची कार्यपद्धती लिहून ठेवावी. हरित हायड्रोजन आणि कार्बन पकडून साठवण्याच्या तंत्राला आज आराखड्यात एक अभ्यासापुरती ओळ पुरेशी आहे. २०३० चे लक्ष्य त्यांच्यावर टेकवू नये. विकत घेतलेल्या क्रेडिटने भरपाई हा तर अगदी शेवटचा पर्याय असावा.

माणसे आणि पैसा

युनिट निवृत्त होते तेव्हा कायम कर्मचाऱ्याची बदली होते, पण कंत्राटी कामगार, राख वाहणारा ट्रकचालक, गेटसमोरचा टपरीवाला आणि जमीन दिलेला प्रकल्पग्रस्त यांची बदली कुठेही होत नाही. त्यांची मोजणी निवृत्तीच्या तारखेच्या किमान काही वर्षे आधी करावी, नागपूरच्या राष्ट्रीय वीज प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी सौर व बॅटरी देखभालीचे प्रशिक्षण आधी द्यावे आणि नव्या कामाच्या निविदेत स्थानिक भरतीची अट घालावी. उन्हात खांबावर चढणाऱ्या लाइनमनसाठी दुपारी १२ ते ४ नियोजित कामे बंद ठेवणे, पाणी व ओआरएस गाडीत असणे आणि एकट्याला न पाठवणे, हेसुद्धा हवामान-जोखमीच्या नोंदवहीत पूर्ण ओळ घेऊन यावे.

भांडवली खर्च महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगासमोर मांडायचा असतो आणि शेवटी तो दरात उतरतो, म्हणून प्रत्येक बळकटीकरणाच्या कामासोबत ‘हे न केल्यास’ होणारे नुकसान रुपयांत लिहावे: किती तास पुरवठा बंद, किती रोहित्रे जळाली, किती वीज बाहेरून महाग दराने घ्यावी लागली. मागील पाच उन्हाळ्यांची आणि पावसाळ्यांची बिघाडांची नोंद तारीखवार काढून तिच्या शेजारी त्या दिवसाचे तापमान व पाऊस लिहिला, तर हा पुरावा कंपनीच्या स्वतःच्याच कपाटात सापडतो.

आराखड्याचा आढावा वर्षातून दोनदा घ्यावा. फेब्रुवारीच्या बैठकीत तोतलाडोहाचा साठा, रोहित्रांचे तेल, कोळशाचा साठा आणि उन्हाळ्यातील मागणी पाहावी. ऑक्टोबरच्या बैठकीत पावसाळ्यात कोणता उंबरठा ओलांडला गेला, राख तलाव व उपकेंद्रांत काय घडले आणि सहामाहीत किती टन कार्बन कमी झाला, हे तपासून नोंदवहीतील आकडे बदलावेत. बदललेल्या आकड्यासमोर तारीख आणि तो बदलणाऱ्या अधिकाऱ्याचे पद लिहावे.